एरियाचं खळं, डिस्ट्रिक्टची जप्ती

प्रश्न आलाय की इंग्रजीत ‘रेसिडेन्शियल एरिया’ पण ‘बिझनेस डिस्ट्रिक्ट’, असं का? आणि सदाशिव पेठेतल्या घराला ‘इनर सिटी’ म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्याचं आधी: नाही चालणार! फ्लॅटच्या जाहिरातींत ‘इनर सिटी लिव्हिंग’ वाचून डोकं उठतं. इंग्लंड-अमेरिकेत ‘इनर सिटी’ म्हणजे शहराच्या पोटातली गरीब, दुर्लक्षित वस्ती. पेठेतल्या काकांना याचा अर्थ कळला तर जिन्यावरूनच परत पाठवतील. मध्यवस्तीला इंग्लंडात ‘सिटी सेंटर’, अमेरिकेत ‘डाउनटाउन’. संपलं.

आता खरी गंमत. लॅटिनमध्ये ‘आरेआ’ म्हणजे मोकळी सपाट जागा आणि, ऐका, खळं! मध्ये तिवडा, भोवती बैलांची पात, तेच आपलं खळं. म्हणजे ‘पार्किंग एरिया’त आपण गाड्यांची मळणी करतो म्हणायचं.

आणि ‘डिस्ट्रिक्ट’? मुळात ओढून धरणं, अडकवणं. मध्ययुगीन युरोपात सरदाराचा अंमल चाले, थकबाकीदाराची गुरंढोरं त्याला जप्त करता येत, तो टापू म्हणजे डिस्ट्रिक्ट. ‘डिस्ट्रेस’ त्याच्याच भावकीतला. कायद्यातलं ‘डिस्ट्रेस वॉरंट’ अजूनही जप्तीचंच असतं. आपला ‘जिल्हा’ मात्र अरबी, मूळ अर्थ बरगडी, बाजू. बरगडीवर साहेबाने कलेक्टर, म्हणजे शब्दशः वसुलीवाला, आणून बसवला आणि दोन्ही शब्दांची गाठ पडली. ‘डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा’ एवढं लिहून हात झटकणाऱ्या कोशकारांनी ‘रेड लाइट डिस्ट्रिक्ट’चं मराठी करून दाखवावं.

तेव्हा माझं मत असं: माणसं आपसूक पसरतात तो एरिया, कुणीतरी रेघ मारून हुकूम चालवतं तो डिस्ट्रिक्ट. म्हणून ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’, ‘पोलीस डिस्ट्रिक्ट’. बिझनेसवाल्यांचंही तेच, नगररचनेच्या नकाशावर रंग भरून दिलेला तुकडा.

इंग्रजी शिकवणारी एक मैत्रीण म्हणते, हे सगळं थोतांड आहे. शब्दांच्या जोड्या सवयीने जमतात, त्यात तर्क शोधू नये. शिवाय ‘रेसिडेन्शियल डिस्ट्रिक्ट’ही बरोबर आणि ‘शॉपिंग एरिया’ही बरोबर.

असेल. पण खळ्यावर काय जप्ती येत नव्हती?