मिस्टर लोकलमध्ये चढतच नाहीत

प्रश्न: ताई, आम्ही कळव्याला राहतो. मागच्या पावसाळ्यात मिस्टरांच्या डोळ्यासमोर दारात लटकलेला एक मुलगा चालत्या लोकलमधून पडला, रोजच्या ग्रुपमधलाच, त्याची बॅग यांच्याकडे धरायला दिलेली ती यांच्याच हातात राहिली. आठ महिने झाले, हे लोकलमध्ये चढलेले नाहीत, बस नि शेअर रिक्षा करत दोन-दोन तास घालवून ऑफिसला जातात. रात्री दचकून उठतात, कुकरची शिट्टी झाली तरी अंगावर ओरडतात. सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलंय, दीर म्हणतात रोज माणसं पडतात रेल्वेतून, किती धरून बसायचं. फॅमिली डॉक्टरांची झोपेची गोळी तेव्हापासून चालूच आहे. मी सायकियाट्रिस्टचं नाव काढलं तर म्हणाले, मला ठाण्याला ॲडमिट करतेस का?
— एक वाचक, कळवा

उत्तर: ताई, बॅगचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला वाटतं गाडी तिथेच अडकलीय. अशा माणसांच्या मनात बऱ्याचदा 'मी हात धरला असता तर' हे चालू असतं आणि ते घरात कुणालाच सांगत नाहीत. खोदून विचारू नका हं, सांगायला लागले तर फक्त ऐका, 'तुमची काय चूक' असं लगेच म्हणून विषय मिटवू नका.

दीरांचं म्हणणं जुनंच आहे. पहिल्या महायुद्धात सैनिक असेच थरथरायचे, त्याला शेल शॉक म्हणायचे, आणि कितीतरी जणांना सरळ भित्रे ठरवलं गेलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आवाज उठवल्यावर कुठे १९८० मध्ये अमेरिकन सायकियाट्रिस्टांच्या निदानाच्या पुस्तकात पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाचा धक्का मनात तसाच राहण्याचा आजार, हे नाव आलं. हल्ली उलटं झालंय, बॉस ओरडला तरी लोक 'ट्रॉमा झाला' म्हणतात, त्यामुळे खऱ्या पेशंटकडेही कुणी सिरीयसली बघत नाही. निदान तपासल्याशिवाय मी करणार नाही, पण स्वप्नं, दचकणं, टाळणं हे महिन्याच्या वर टिकलं तर दाखवायलाच हवं, इथे तर आठ महिने झालेत.

झोपेच्या गोळीने झोप येते, तो प्रसंग काही सुटत नाही, नि त्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू. आणि लोकल टाळली की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं, तेच नडतं, कारण लोकल म्हणजे मरण हे मनाने एकदा धरलं ते तपासून बघायची वेळच येत नाही. ट्रॉमासाठीच्या सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलणाऱ्या बोलण्याच्या थेरपीत, थेरपिस्ट हे पायरीपायरीने करून घेतात, आधी तो दिवस सावकाश बोलून काढणं, मग नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहणं, मग एखाद्या रविवारी दुपारी ठाणे-ऐरोली रिकाम्या गाडीने. साधारण आठ-बारा सेशन लागतात. ईएमडीआर, म्हणजे तो प्रसंग आठवत डोळे इकडून तिकडे हलवायची थेरपी, ती पण चालते, काहींना सर्ट्रालिनसारखं औषधही देतात. दीरांना सांगा, दंडाला धरून साडेआठच्या फास्टमध्ये चढवणं म्हणजे ही थेरपी नव्हे.

ठाण्याचं मेंटल हॉस्पिटल १९०१ पासूनचं, त्यामुळे तो जोकही आपल्याकडे तेवढाच जुना असेल, पण तिथे ओपीडी असते, दाखवून लोक घरी येतात. आधी फोनवरच बोलायचं म्हणाले तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झालाय असं काही बोलले तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी न्या.

सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू देत, मीठमोहरीने काही बिघडत नाही, अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यातली घ्या.