मुलगा स्किनर वाचतोय, तर मानसशास्त्र सोडणार का?

‘मुलगा एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. हल्ली स्किनर वाचतो आणि जेवता जेवता ऐकवतो, “मन वगैरे काही नसतं, असतं ते फक्त वर्तन.” आता म्हणे एम.ए. तत्त्वज्ञानात करणार. पुढे पोटापाण्याचं काय?’ – एक आई, कोथरूड

ताई, नमस्कार.

‘मन वगैरे काही नसतं’ हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या नावावर खपवून घेऊ नका. मनातल्या गोष्टी विज्ञानाने बाजूला ठेवाव्यात, हा आग्रह वर्तनवादाचा पाया घालणाऱ्या वॉटसनचा, १९१३चा. स्किनरने १९४५च्या लेखात उलट लिहिलं, की माझी दाढदुखी माझ्या टाइपरायटरइतकीच भौतिक आहे. विचार, भावना त्याने नाकारल्या नाहीत. त्यांना वर्तनाचं मूळ कारण मानायला तो तयार नव्हता, इतकंच. वर्तनवाद म्हणजे वर्तनाचं विज्ञान नव्हे, तर त्या विज्ञानाचं तत्त्वज्ञान, असं १९७४च्या पुस्तकात त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. तेव्हा स्किनर वाचून तत्त्वज्ञानाकडे वळणाऱ्या चिरंजीवांची गाडी रुळावरच आहे. फक्त भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९मध्ये स्किनरची घेतलेली हजेरीही वाचायला सांगा. जेवणं जरा शांततेत होतील.

आता पोटापाण्याचं. माझं मत स्पष्ट आहे: एम.ए. मानसशास्त्रातच करावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिथे तत्त्वज्ञानाची पदवी चालत नाही. तत्त्वज्ञान सोबत वाचता येतं, पुढे संशोधनाचा विषयही होऊ शकतं. मात्र प्राध्यापकीच करायची असेल आणि नेट या पात्रता परीक्षेची तयारी, मग जागा निघेपर्यंतची वाट हे सगळं मान्य असेल, तर तत्त्वज्ञान खुशाल घेऊ दे. पुणे विद्यापीठात दोन्ही विभाग आहेत. दोन्हीकडचा अभ्यासक्रम आणून शेजारी शेजारी ठेवून वाचावा.

त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या एखाद्या शाळेत परवानगी काढून काही दिवस बसू दे. तिथे वर्तन-विश्लेषणाच्या पद्धतीने काम चालत असेल, तर शिक्षिकेच्या हातात तीन रकान्यांचा तक्ता दिसेल: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. मूल किंचाळलं, टीचरने वही बाजूला केली. उद्या वही दिसताच ते पुन्हा किंचाळणार. ‘हट्टी आहे’ असं लिहायला त्या कागदावर जागाच नसते. हा तक्ता भरताना तो रमला, तर मानसशास्त्र. तक्ता बाजूला ठेवून ‘पण याला कारण म्हणायचं का?’ यावरच वाद घालत बसला, तर मात्र तत्त्वज्ञान विभागाची चौकशी करायला तुम्हीही सोबत जा.