वाचक विचारतात: "वहिनी, तुम्ही कुठं आहात ह्यात?"

प्रश्न: मी सांगलीत, गावभागात राहते. २०१९ च्या महापुरावर एक लेख लिहिलाय, दिवाळी अंकाला पाठवायचा विचार आहे, सोबत जोडलाय. भिशीतल्या मैत्रिणींना खूप आवडला, पण नणंद म्हणाली, "वहिनी, छान आहे, पण पेपरात वाचल्यासारखं वाटतंय, तुम्ही कुठं आहात ह्यात?" वर सासूबाईंचं बोलणं शुद्ध भाषेत करा म्हणाली. फार लागलं मला. आमच्या घरात पाणी होतं, मी सगळं डोळ्यांनी बघितलंय, सासूबाईंनी कागदपत्रं खाली सोडून लोणच्याची बरणी आधी वर नेली इथपर्यंत आठवतंय, मग माझं लिखाण माझं कसं नाही? तिचं ऐकू का सोडून देऊ?

उत्तर: ताई, पहिल्या मुद्द्याला तिचं नक्की ऐका. लेख मी नीट वाचला. "कृष्णामाईने रौद्र रूप धारण केले", "होत्याचे नव्हते झाले", "माणुसकीचे दर्शन घडले", ह्यातलं खोटं काहीच नाही, पण हीच वाक्यं शिरोळच्या नाहीतर कराडच्या माणसाच्या लेखात तशीच्या तशी चालतील. आणि ती लोणच्याची बरणी, ती लेखात कुठंच नाहीये! ती मला लिहिलेल्या पत्रात आलीय, ती पण नणंदेच्या बोलण्यानं चिडलात म्हणून. म्हणजे तिच्या एका प्रश्नानं तुमच्याकडून ते काढून घेतलं जे एवढ्या कौतुकानं निघालं नव्हतं. मैत्रिणींची चूक नाही हो, माया असली की माणूस मनानं मधल्या जागा भरून घेतो, त्यांना तुमचं घर माहितीय, अंकाच्या वाचकाला नाही.

आता लेख वैयक्तिक करायचा म्हणून रडणं वाढवू नका, अश्रू, हुंदके काही नको. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट, हे अख्ख्या सांगलीला पाठ आहे. तुमच्या जिन्याच्या कितव्या पायरीवर पाणी थांबलं, रात्री कोण जागं राहून ते बघत होतं, चिखल काढताना कशाचा वास येत होता, हे लिहा. कागदपत्रं राहिली त्यावरून घरात पुढं काय झालं तेही लिहा, मला तर तेच वाचायचंय.

नवीन खर्डा परत नणंदेलाच द्या, पण "कसा वाटला" असं विचारू नका, त्याला "मस्त" हेच उत्तर येतं. हातात पेन्सिल द्या आणि सांगा, जिथं वाचताना नजर पुढं पळाली तिथं रेघ मार. कारण सांगायची गरज नाही, उपाय तर मुळीच नको, ते तुमचं काम. रेघेपाशी बसून स्वतःला विचारा की इथं मी काय लिहायचं टाळलं. बऱ्याचदा तिथंच काहीतरी सापडतं, मी स्वतःच्या लिखाणाला गेली कित्येक वर्षं हेच करतो.

दुसरा मुद्दा मात्र ऐकू नका. सासूबाई "आगं बरणी धर, कागदं मागनं बघू" असं बोलल्या असतील तर तसंच छापू दे, त्यांना पुस्तकी मराठीत बोलायला लावलं की त्या तुमच्या सासूबाई राहणार नाहीत. नणंद वाचक म्हणून कुठं अडली ते खरं मानायचं, दुरुस्ती कशी करायची ते तुम्ही ठरवायचं.

आणि पाठवायच्या आधी तो बरणीचा भाग सासूबाईंना वाचून दाखवा, गोष्ट त्यांचीही आहे.