विषाणू शिरलेली पेशी बाहेरून ओळखू येते का?

तुमचा प्रश्न असा: विषाणू पेशीच्या आत शिरून आपला कारभार करतो, मग बाहेरून त्या पेशीत काही फरक पडतो का, आणि शरीराला पत्ता लागतो तो कसा?

पडतो, आणि चांगलाच पडतो. मी बेळगावात मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. हा धडा आला की मी पाटीपासून सुरुवात करतो. दुकानावर कुठली पाटी लागली, कुठली उतरवली, यावरून काय काय घडतं ते आमच्या सीमाभागातल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

तांबड्या रक्तपेशी सोडल्या तर आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर एमएचसी वर्ग १ ही प्रथिनं असतात. किडनी बसवताना जुळवून बघतात ते एचएलए म्हणजे हीच. हीच पेशीची पाटी: आत बनणाऱ्या प्रथिनांचे ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे ती बाहेर आणून दाखवतात. विषाणूची प्रथिनं बनू लागली की त्यांचेही तुकडे पाटीवर येतात. रोगप्रतिकारशक्तीच्या मारक टी पेशी ते वाचतात आणि ती पेशीच संपवतात. मात्र नुसता विषाणूचा तुकडा त्यांना चालत नाही, तो आपल्याच एमएचसीवर बसलेला लागतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर हे दाखवलं. १९९६ साली त्यांना नोबेल मिळालं ते त्यासाठीच.

विषाणूही काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. एचआयव्हीचं नेफ नावाचं प्रथिन पेशीवरच्या या पाट्या खाली ओढतं, वर पेशीवरच्या ज्या सीडी४ प्रथिनाला धरून विषाणू आत आला तेही काढून घेतं. पण सगळ्या पाट्या उतरवल्या तरी पंचाईतच, कारण एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या मारक पेशी नेमकं हेच बघत फिरतात: ज्या घरावर पाटी नाही, तिथे काहीतरी गडबड. सायटोमेगॅलो विषाणूने त्यावरही तोड काढली आहे. खऱ्या पाट्या तो नष्ट करतो आणि त्यांच्यासारखं दिसणारं स्वतःचं एक प्रथिन वर टांगतो. इतका बेरकीपणा मी माणसांतसुद्धा क्वचित पाहिला.

काही विषाणूंची स्वतःची प्रथिनंही पेशीच्या पृष्ठभागावर उगवतात. फ्लू झालेल्या पेशींवर तांबड्या रक्तपेशी टाकल्या तर त्या चिकटून बसतात, प्रयोगशाळेत याचा उपयोग करून घेतात. गोवरात तर लागण झालेली पेशी शेजारणीला चिकटते, मधली भिंत विरघळते आणि अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी होते.

मला सर्वांत आवडणारं उदाहरण मात्र आमच्या गावाशी जोडलेलं आहे. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत आज लोक सकाळी फिरायला जातात. एके काळी तिथे देवीची लस बनायची. ती लस म्हणजे व्हॅक्सिनिया हा जिवंत विषाणू. त्याचं एक कोडं होतं. नवे विषाणू बनायला पाच-सहा तास लागतात, तरी प्रयोगशाळेतल्या थाळीत तो त्या मानाने सुमारे चौपट वेगाने पसरायचा. हा हिशेब जुळेना. उत्तर निघालं पेशीच्या पृष्ठभागावर. लागण होताच, नवी पिल्लं तयार होण्याच्या कितीतरी आधी, ए३३ आणि ए३६ ही विषाणूची दोन प्रथिनं तिथे येऊन बसतात. बाहेरून दुसरा विषाणू येऊन टेकला की त्याच्या बरोबर खाली, पेशीच्या आतून, अ‍ॅक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाच्या धाग्यांचा झोत उठतो आणि त्याला पुढे ढकलून देतो. ढकललेला विषाणू पुढच्या पेशीवर जातो. तीही आधीच व्यापलेली असेल तर तिथूनही धक्का, असं करत कोरी पेशी सापडेपर्यंत. हे २०१० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

बसमध्ये ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणणारा कंडक्टर आठवा. फरक इतकाच, की इथे कंडक्टर विषाणूने स्वतःच नेमलेला असतो.