"कधी गुरगुरतसुद्धा नाही हो, मग अचानक चावला कसा?"

कुत्र्यांच्या वागणुकीबद्दल सल्ला विचारायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक याच वाक्याने सुरुवात करतात. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांच्या मनगटाला पट्टी होती. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली का, रेबीजची इंजेक्शनं सुरू केली का, हे आधी विचारून घेतलं. दोन्ही झालं होतं. अडीच वर्षांचा ब्रुनो त्यांच्या पत्नीच्या पायाशी बसला होता. तो जेवत असताना यांनी भांडं उचलायला हात घातला आणि त्याने थेट दात लावले.

"आधी कधीच गुरगुरायचा नाही?"

"लहान होता तेव्हा गुरगुरायचा. ती सवय आम्ही मोडली," ते जरा अभिमानानेच म्हणाले.

मोडली कशी, तर वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर. दोनदा मानेला धरून उताणंही पाडलं होतं. मालक कोण ते त्याला कळायला हवं, असं कुणीतरी सांगितलेलं.

या 'मालक कोण'ने फार कुत्री बिघडवली आहेत. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास लिहिला, तिथून ही वरचढपणाची कल्पना फोफावली. मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये मांडलं. पण सुरळ्या काही खाली आल्या नाहीत.

ब्रुनो त्या मारातून एवढंच शिकला की गुरगुरलं की फटका बसतो, म्हणून त्याने तो इशारा देणंच सोडलं. भांडं जाण्याची धास्ती होती तशीच राहिली, वर हाताची धास्ती वाढली.

मी एक भांडं त्याच्यापुढे ठेवलं आणि गृहस्थांना खुर्चीतच जरा पुढे सरकायला सांगितलं. ब्रुनोने झटकन जीभ ओठांवरून फिरवली. तोंड वळवलं, नजर मात्र यांच्यावरच. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसायला लागली. मग शेपटी थांबली, अंगही ताठरलं. हे सगळे चावण्याआधीचे इशारे. मी लगेच त्यांना मागे घेतलं.

"अगंबाई, हे तर तो रोज करतो," पत्नी म्हणाल्या.

दात, कान किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रं असं वागतं, म्हणून पहिल्यांदा पशुवैद्याकडे पाठवलं. तो ठणठणीत निघाला. मग घरचा अभ्यास दिला. जेवताना भांड्याला कुणीही हात लावायचा नाही. त्याचं खाणं थांबणार नाही इतक्या लांबून जायचं (यांच्या घरात ते अंतर आठ फूट भरलं), भांड्यात आहे त्याहून चविष्ट तुकडा त्याच्याकडे टाकायचा आणि न थांबता पुढे निघायचं.

"म्हणजे लाचच की!" गृहस्थ म्हणाले.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना मेट्रोनोमची, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राची, टकटक ऐकून लाळ सुटायची, ती काही लाच नव्हती. टकटकीमागून खाणं येतं हे शरीरात भिनलं होतं. इथे टकटकीच्या जागी यांची पावलं. पटलं की नाही कोण जाणे, पण केलं त्यांनी मनापासून. आठाचे सहा फूट व्हायला दोन आठवडे लागले. त्यानंतर घाई झाली असावी, कारण चौथ्या आठवड्यात पत्नींचा फोन आला. आवाज रडवेला.

"सगळं मुसळ केरात गेलं हो. हे तीन फुटांवरून गेले आणि आज तो गुरगुरला!"

इतकी चांगली बातमी मला त्या महिन्यात कुणी दिली नव्हती. तसं सांगितल्यावर बाई गप्पच झाल्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"हे दोन पावलं मागे सरले."

"आणि ब्रुनो?"

"चाटूनपुसून खाल्लं, गेला बाहेर. मग यांनी भांडं उचललं."