पायाचे 30 टक्के आणि श्रवणदोषाचे 12 टक्के दिव्यांगत्व मिळून 42 टक्के होत असताना लाभ का नाकारला जातो?

आपण केलेली बेरीज स्वाभाविक असली, तरी दिव्यांगत्व तपासून प्रमाणपत्र देणारे वैद्यकीय मंडळ टक्केवारी तशी मोजत नाही. दोन दिव्यांगत्वे असल्यास मोठा आकडा पूर्ण धरतात आणि लहान आकड्याला, 90 मधून मोठा आकडा वजा करून आलेल्या संख्येने गुणून 90 ने भागतात. म्हणजे आपल्या बाबतीत 12 गुणिले 60 भागिले 90, अर्थात 8, आणि एकूण 38 टक्के. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार शासकीय नोकरीतील व उच्च शिक्षणातील आरक्षणासाठी किमान 40 टक्के लागतात. माझ्या मते दोन टक्क्यांनी हक्क हुकणे ही फार कठोर गोष्ट आहे, परंतु नियम तसाच आहे.

मंडळाच्या तपासणीनंतर श्रवणक्षमता घटली असेल, तर नवे तपासणी अहवाल जोडून फेरतपासणीसाठी अवश्य अर्ज करावा. निर्णयच चुकीचा वाटत असल्यास अपील करण्याची तरतूद आहे. मात्र 40 टक्के झाले म्हणजे प्रत्येक योजना खुली होते, असे नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशा दोन्ही अटी आहेत.