ड्युरंड 'रेषा'च का, 'सीमा' का नाही?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, मुलाच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात ड्युरंड रेषा (पाकिस्तान-अफगाणिस्तान), मॅकमहोन रेषा (ईशान्येकडे भारत-चीन), रॅडक्लिफ रेषा (भारत-पाकिस्तान) अशी यादी आहे, तर ह्या सगळ्या रेषाच का, सीमा का नाही, आणि सीमा, सरहद्द, हद्द, शीव हे सगळं एकच ना?

एकच नाही हो ताई. इंग्रजीत लाईन म्हणून मराठीत रेषा, हे झालं सरळ उत्तर. पण हा शब्द नकळत अगदी बरोबर बसलाय असं मला वाटतं, आणि ते कळायला आधी शीव बघायला पाहिजे.

शीव म्हंजे सीमाच, घरात वापरून वापरून मऊ झालेली. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं तशी सीमाची शीव, आणि पुढे ई आली म्हणून स चा श, सिंदूरचा शेंदूर झाला तसा. शिवार त्यातलंच, दसऱ्याचं शिलंगण म्हंजे सीमोल्लंघन. ठाण्याहून दादरला जाताना लागणारं शीव स्टेशनही तेच, मुंबई बेट तिथे संपायचं आणि खाडीपलीकडे आपली साष्टी, म्हंजे ठाणं ज्यावर आहे ते बेट. (१६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, तर इंग्रज म्हणे त्यात साष्टी आणि ठाणंही आलं, पोर्तुगीज म्हणे अजिबात नाही. दोघंही बाहेरचेच, ठाणेकरांना कोण विचारतंय!)

आता गावची शीव ही बारीक रेघ नसते, तो पट्टा असतो, एखादा ओढा, चिंचेचं झाड, शेंदूर फासलेला दगड, दोन्ही गावची गुरं तिथेच चरणार, भांडणं होतात, बांध कोरतात एकमेकांचे, पण शीव कुठंय हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. रेषेला रुंदी नसते आणि ती आखणारा तिथे राहत नाही.

हद्द अरबी, आणि ती अधिकाराची. आमच्या गल्लीच्या टोकाला झाड पडलं होतं तेव्हा दोन्हीकडून एकच उत्तर, आमच्या हद्दीत येत नाही. तिलाच पुढे फारसी 'सर' लागला की सरहद्द, मग ती देशाची.

ड्युरंडचं बघा. १८७८-८० च्या युद्धात इंग्रजांनी अफगाणिस्तानला वाकवलं आणि १८९३ मध्ये त्यांच्या हिंदुस्थान सरकारच्या मॉर्टिमर ड्युरंडने अफगाण अमीर (राजा) अब्दुर रहमानची सही घेतली, रेघ गेली पश्तून टोळ्यांच्या मधून. १९४७ मध्ये पाकिस्तानला युनोत घ्यायच्या वेळी विरोधात एकच मत पडलं, अफगाणिस्तानचं, ते ह्या रेघेपायीच. नंतर काबूलमध्ये राजा गेला, कम्युनिस्ट आले, तालिबान आले, ती कोणीच मानली नाही. म्हंजे पाकिस्तानसाठी ती सीमा आणि काबूलसाठी अजून रेषाच!

आपल्यासारख्या शब्दवेड्यांसाठी सगळ्यात भारी किस्सा मार्क साइक्सचा, तुर्की साम्राज्याचा अरब मुलूख इंग्रज-फ्रेंचांत वाटायला निघालेल्या ब्रिटिश खासदाराचा. १९१५ च्या डिसेंबरात हा गडी लंडनमध्ये मंत्र्यांपुढे सांगतो की इंग्रजी नकाशावर 'एकर' (Acre, भूमध्य समुद्राकाठचं गाव) मधल्या ई अक्षरापासून 'किर्कुक' (Kirkuk, आजच्या इराकमधलं) मधल्या शेवटच्या के अक्षरापर्यंत रेघ मारावी. अक्षरांवरून देश! नकाशा देवनागरीत छापला असता तर रेघ कुठून गेली असती कोण जाणे. आजच्या सीमा हुबेहूब त्या रेघेच्या नाहीत म्हणा, त्या पुढे सान रेमो (१९२०), लोझान (१९२३) वगैरे ठिकाणी ठरल्या, पण पद्धत तीच. त्याच भागातल्या कुर्द लोकांना १९२० च्या सेव्हरच्या तहात वेगळ्या राज्याची आशा दाखवली, लोझानमध्ये ती गुपचूप गायब, आणि ते तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया अशा चार देशांत वाटले गेले ते आजतागायत.

बाहेरच्याने आखलेली ती रेषाच राहते, ह्या माझ्या म्हणण्याला एक अपवाद मात्र आहे. फाळणीची रेघ आखायला रॅडक्लिफ हा इंग्रज वकील ८ जुलै १९४७ ला आला, त्याआधी त्याने भारत पाहिलेलाही नव्हता, रेघ जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हंजे स्वातंत्र्याचे झेंडे लागून दोन दिवस झाले तरी आपण कुठल्या देशात आहोत हे काही गावांना ठाऊक नव्हतं. अतोनात रक्त सांडलं. तरी पंजाबात आज तिला रेषा कोण म्हणतं, भारत-पाक सीमाच म्हणतात. काश्मीरमध्ये त्याने रेघ मारलीच नव्हती, आणि तिथे अजून नियंत्रण 'रेषा' आहे.

तेव्हा मुलाला रेषाच लिहू दे, मार्क जाणार नाहीत. आणि शीव स्त्रीलिंगी बरं का, ती शीव, गावच्या शिवेवर. 'शीवला' म्हणालात तर लोक स्टेशन समजतील.